बास पकडताना ल्युअर दोरीला थेट बांधावा की स्नॅप लावावा?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: डॅलसला नुकतेच आलात, घराजवळच्या तळ्यावर बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) पकडायला सुरुवात केलीत, रॉडबरोबर दुकानातून स्नॅप-स्विव्हलचं पाकीटही आणलंत (स्नॅप म्हणजे ल्युअर पटकन अडकवायची उघड-बंद होणारी कडी, स्विव्हल म्हणजे तिला जोडलेला फिरता सांधा). आता शेजारचा म्हणतो, ते फेकून दे आणि ल्युअरला, म्हणजे नकली आमिषाला, सरळ गाठ मार. कुणाचं ऐकावं?

शेजाऱ्याचं ऐका. पाकीट मात्र फेकू नका, त्यातले दोन-तीन लागतील.

मी मालवणकडचा. लहानपणी आजोबांबरोबर खाडीवर गरवायला जायचो. तंगूस (नायलॉनची दोरी), शिसं, गरी (गळ) आणि गरीला लावलेलं सुंगट (कोळंबी), एवढाच संसार. आजोबांना गाठ येत होती एकच, आणि त्या एका गाठीवर त्यांनी जन्मभर मासे आणले. त्यामुळे टेक्सासात आलो तेव्हा माझी पक्की समजूत होती की गाठ सुटली नाही म्हणजे झालं. सुंगटाच्या बाबतीत ते खरंच आहे. ते पाण्यात पडून राहतं आणि मासा वासावर येतो. ल्युअर मात्र प्लॅस्टिकचा नाहीतर लाकडाचा तुकडा. तो पोहला तरच मासा फसणार. आणि त्याला पोहू द्यायचं की नाही, हे बऱ्याच अंशी त्याच्या नाकावरची गाठ ठरवते. म्हणून 'स्नॅप की गाठ' विचारण्याआधी हातातल्या ल्युअरला नाक हलवायला मोकळीक हवी आहे का, ते बघायचं.

क्रँकबेट (ओढलं की थरथरत पोहणारा माशाच्या आकाराचा ल्युअर), जर्कबेट (झटके देत ओढायचा लांबट ल्युअर) आणि पाण्यावर डावी-उजवीकडे मान टाकत चालणारे टॉपवॉटर (पृष्ठभागावर तरंगणारे) यांना मोकळीक हवी. गाठ नाकावर करकचून बसली की त्यांची थरथर मंदावते. यांना एकतर फासाची गाठ मारा, म्हणजे नाकाच्या कडीत छोटा मोकळा फास राहतो, किंवा बारीक स्नॅप लावा. नुसता स्नॅप, स्विव्हल नको. पुष्कळ क्रँकबेटच्या नाकात आधीच स्प्लिट रिंग (किल्ल्यांच्या रिंगसारखी दुहेरी कडी) असते, तिथे स्नॅपही नको. रिंगलाच गाठ मारा, फक्त रिंगची दोन टोकं जिथे एकमेकांवर येतात त्या फटीपासून गाठ लांब सरकवून ठेवा. त्या धारेवर दोरी कापली जाते. रिंगमध्ये स्नॅप, स्नॅपला स्विव्हल, अशी साखळी केलीत तर तो ल्युअर राहत नाही, किल्ल्यांचा जुडगा होतो.

जर्कबेटचा एक बारकावा. 'सस्पेंडिंग' लिहिलेला जर्कबेट ओढणं थांबवल्यावर वरही येत नाही, खालीही जात नाही, जागीच तरंगत थांबतो. थंडीत बास नेमका त्या थांब्यावर तोंड टाकतो. हा तोल फार नाजूक असतो. नाकावर वजनदार स्नॅप-स्विव्हल टांगलंत की नाक खाली जातं आणि हळूहळू अख्खा ल्युअर बुडायला लागतो. पैसे मोजलेत थांबण्याचे आणि मिळतं बुडणं.

आता उलट बाजू. रबरी किडा टेक्सास रिगवर (गळाचं टोक किड्यातच लपवून, पुढे दोरीवर सरकतं शिसं) लावता तेव्हा पुढचं गोळीच्या आकाराचं शिसं किड्याच्या डोक्याला चिकटून बसायला हवं, तरच तो झुडपातून सरळ निसटतो. मध्ये स्नॅप आला की फट राहते आणि फटीत शेवाळ. जिगचंही (शिशाचं डोकं असलेला गळ) तेच. इथे थेट गाठ, दुसरा विचारच नको. स्पिनरबेटची (वाकवलेल्या तारेवर फिरती पाती लावलेला ल्युअर) तार बऱ्याचदा नुसती वाकवलेली असते, बंद कडी नसतेच. स्नॅप लावलात तर तो सरकून तारेवर चढतो आणि ल्युअर आडवा होऊन येतो. माझा पहिला स्पिनरबेट असाच महिनाभर आडवा पोहला, आणि मी दोष देत होतो तळ्याला.

मग स्विव्हल असतं कशाला? दोरीचा पीळ काढायला. स्वतःभोवती गरगर फिरणारे इनलाइन स्पिनर दोरीला पीळ घालतात आणि तासाभरात रीलवर गुंताडा होतो. तुमच्या पाकिटातले दोन-तीन स्नॅप-स्विव्हल त्यांच्यासाठी ठेवा. कॅरोलायना रिगमध्येही (शिसं ल्युअरपासून लांब मागे ठेवायची मांडणी) स्विव्हल लागतं, पण ते साधं आणि ल्युअरपासून दोन-तीन फूट मागे, शिसं अडवायला.

गाठी दोनच शिका, पण डोळे मिटून मारता येतील इतक्या. एक पालोमार. दोरी दुहेरी करून कडीतून ओवायची, तिची साधी सैल गाठ मारायची, उरलेल्या फासातून अख्खा ल्युअर पार करायचा, ओली करून ओढायची. ब्रेडेड लाइनला (पावाशी संबंध नाही, वेणीसारखी विणलेली दोरी) मी हीच मारतो, कारण ब्रेड गुळगुळीत असते आणि क्लिंच नावाची नेहमीची गाठ तिच्यावर सरकते. तीन-तीन गळ लोंबणारा क्रँकबेट फासातून काढणं मात्र शिक्षा आहे. त्याच्यासाठी दुसरी गाठ, युनी. युनीचा फायदा असा की ती अर्धवट ओढून फास मोकळाही ठेवता येतो. जोरात झटका बसला की तो आवळतो, पण तोवर मासा लागलेला असतो.

फ्लुरोकार्बन वापरणार असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. ही दोरी कडक असते आणि घर्षणाच्या उष्णतेने दुबळी होते. कोरडी गाठ झटक्यात ओढलीत तर ती गाठीपाशीच जळते. थुंकी लावा, सावकाश ओढा. लेक फोर्कला (डॅलसपासून पूर्वेला दीड तास, टेक्सासचा १८.१८ पौंडांचा विक्रमी बास १९९२ मध्ये तिथेच मिळाला) मार्चच्या एका गारठलेल्या सकाळी बोटं बधिर होती म्हणून मी गाठ कोरडीच ओढली. चांगला मासा लागला, एकदा उसळी मारली आणि दोरी हलकी झाली. टोक हातात घेऊन पाहिलं तर डुकराच्या शेपटीसारखं कुरळं. हे लक्षात ठेवा: टोक कुरळं असेल तर गाठ सरकली किंवा आवळताना जळली, म्हणजे चूक तुमची. टोक खरबरीत, पिंजलेलं असेल तर दगड-लाकडावर घासून तुटली. टोक बघण्याआधी दोरी बनवणाऱ्याला शिव्या देऊ नका. आणि फ्लुरो पाण्यात बुडते, म्हणून तरंगणाऱ्या टॉपवॉटरला ती नको, नाक खाली ओढते. तिथे साधी मोनो (एकपदरी नायलॉन दोरी) किंवा ब्रेड.

दुकानदार स्टीलची तार देऊ करेल. टेक्सासच्या बाससाठी घेऊ नका. बासचे दात सँडपेपरसारखे, कापणारे नाहीत. मिनेसोटाकडे गेलात आणि त्याच पाण्यात पाइक (धारदार दातांचा मासा) असला तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे जिताड्याला जाड लीडर (ल्युअरजवळचा दोरीचा शेवटचा मजबूत तुकडा) लावतात तोही दातांसाठी नव्हे, त्याच्या कल्ल्यांच्या पात्याला सुरीसारखी धार असते म्हणून. बासच्या बाबतीत एवढंच करा की प्रत्येक माशानंतर शेवटची फूटभर दोरी दोन ओठांतून ओढून बघा. बोटांना न कळणारं खरखरणं ओठांना कळतं. कळलं की तेवढा तुकडा कापा आणि नव्याने बांधा. आळस मलाही येतो, आणि नेमका तेव्हाच मोठा लागतो.

रीलवर कोणती दोरी भरलीय ते तुम्ही लिहिलं नाहीत. रॉडबरोबर आलेलीच असेल तर बहुधा ८-१० पौंडी मोनो असणार. तसं असेल तर तूर्तास ब्रेड-फ्लुरोच्या भानगडीत पडूच नका, रबरी किडा पालोमारने थेट बांधा आणि संध्याकाळी काठावरच्या गवताच्या कडेने टाका. आणि तुमचं वय १७ किंवा जास्त असेल तर आधी लायसन्स काढा, गाठीचं नंतर बघू.