बॉल पायथन अचानक फुसकारायला लागला तर

भावा, पहिलं म्हणजे घाबरू नकोस, तुझा बॉल पायथन (पाळतात तो छोटा, बिनविषारी अजगर) चिडका नाही झालाय, भ्यालाय. मानेचा एस करून फुसकारतोय म्हणजे "लांब राहा" एवढंच, खरं तर हा जीव भ्याला की गोळा होऊन डोकं आत लपवणारा, नाव त्यावरूनच पडलंय.

आधी डोळे बघ. निळसर-धुरकट दिसतायत? मग कात टाकायची वेळ आलीय, नीट दिसत नाही बिचाऱ्याला. कात पडेपर्यंत हात लावू नको, आणि कात ओढून काढायचा शहाणपणा तर अजिबात नको.

नवे लोक हमखास चुकतात ते इथं:
- घरी आणल्या आणल्या मित्रांना दाखवायला बाहेर काढणं. आठ-दहा दिवस तरी एकटं सोड त्याला.
- खाऊन ४८ तास व्हायच्या आत उचलणं.
- उंदीर हाताळून तसाच हात आत घालणं. वास उंदराचा, वर हात गरम, आणि त्याच्या ओठांवरच्या खड्ड्यांना उष्णता कळते, मग चावणारच की! (मी पण खाल्लाय असा चावा, चूक माझीच.)
- एकच मोठी लपायची जागा. अंगाला घासेल अशी हवी, गरम बाजूला एक, थंड बाजूला एक.

आपल्या कोल्हापुरात डिसेंबरच्या रात्री गारठा असतो, गरम बाजू ३१-३२ डिग्री राहते का ते थर्मामीटरनं बघ, हातानं अंदाज नको, हीटरला थर्मोस्टॅट पाहिजेच.

तोंड उघडं ठेवून श्वास, शिट्टीसारखा आवाज, लाळेचे बुडबुडे, यातलं काही दिसलं तर मात्र सरळ डॉक्टर गाठ. आणि हो, परिवेश पोर्टलवर (पाळलेल्या परदेशी प्राण्यांची नोंद करायची सरकारी वेबसाइट) त्याची नोंदणी केलीयस ना?