ॲक्सोलॉटलचं पिल्लू आणि नवीकोरी टाकी

प्रश्न : ॲक्सोलॉटलचं (आयुष्यभर पाण्यातच राहणाऱ्या, कल्ले बाहेर असलेल्या सॅलमँडरचं) 8 सेंटिमीटरचं पिल्लू आणलंय. 90 लिटरची टाकी तीन दिवसांपूर्वी भरली, स्पंज फिल्टर चालू आहे, बाटलीतले बॅक्टेरियाही टाकलेत. पाणी अगदी नितळ आहे. पिल्लू आता सोडलं तर चालेल ना?

उत्तर : नाही, एवढ्यात सोडू नका. नितळपणावर जाऊ नका, अमोनियाला रंग नसतो. पिल्लाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया सुटतो. त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला साधारण चार ते आठ आठवडे लागतात. तोवर अमोनिया थेट कल्ले आणि त्वचा भाजतो. बाटलीतले बॅक्टेरिया कधी काम करतात, कधी नाही. खात्री पाण्यातला अमोनिया, नायट्राइट मोजणारं टेस्ट किटच देतं. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट घ्या.

पिल्लाला सध्या टबमध्ये ठेवा. साबण न लागलेले, 8-10 लिटरचे दोन टब घ्या. एकात पिल्लू, दुसऱ्यात उद्याचं पाणी. त्यात क्लोरिन काढणारं औषध बाटलीवर लिहिलेल्या मापाने घाला (कोरफड असलेलं नको) आणि टब त्याच खोलीत ठेवा, म्हणजे दोन्हींचं तापमान सारखं राहतं. पाणी नुसतं रात्रभर ठेवून भागत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (क्लोरिन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते तसं उडून जात नाही. रोज आधी खायला घाला, उरलेलं ड्रॉपरने उचला आणि मग पिल्लू दुसऱ्या टबात हलवा. जाळी वापरू नका, कल्ल्यांचे झुपके तिच्यात अडकतात. वाटी पाण्यात बुडवून पिल्लाला पाण्यासकट उचला. पाणी रोज पूर्ण बदलायचं, एकही दिवस चुकवायचा नाही. तापमान 16 ते 18 अंश सेल्सिअस ठेवा.

इकडे पिल्लू नसलेल्या, भरलेल्या टाकीत जिवाणूंना खाद्य म्हणून बाटलीतला अमोनिया 2 पीपीएम (दहा लाख भागांत 2 भाग) होईल इतका घाला. अमोनियाची बाटली हलवल्यावर फेस टिकला, तर त्यात साबणी द्रव्य आहे. तो वापरू नका. हे जिवाणू गारव्यात फार हळू वाढतात, म्हणून पिल्लू आत नसताना हीटरने पाणी 26-28 अंशांवर नेलेलं चांगलं. पिल्लू आत ठेवून हे करता येत नाही, इतकी उष्णता त्याला सोसत नाही. आधी अमोनिया उतरेल, नायट्राइट चढेल आणि बरेच दिवस तिथेच अडून राहील. बहुतेकांचा धीर सुटतो तो इथे. पीएचही (पाणी किती आम्ल ते दाखवणारा आकडा) बघत राहा, तो 6.5 च्या खाली गेला तर सगळं थंडावतं. निरोगी, जुन्या टाकीतला वापरता स्पंज मिळाला तर बराच वेळ वाचतो.

2 पीपीएम अमोनिया 24 तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसलं, की टाकी तयार. मग बरंचसं पाणी बदलून नायट्रेट 20 पीपीएमच्या खाली आणा, हीटर काढा, पाणी 18 अंशांवर येऊ द्या आणि पुन्हा एकदा चाचणी करा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यच असतील तर पिल्लू लगेच सोडा. उपाशी ठेवलेले जिवाणू मरू लागतात.

प्रश्न : तळाशी रंगीत खडे घातलेत. काढावे लागतील का?

उत्तर : हो, सगळे. ॲक्सोलॉटल तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य ओढतो, त्याबरोबर खडाही पोटात जातो आणि आतडं तुंबतं. एवढ्या लहान पिल्लाला वाळूही नको, तळ मोकळाच ठेवा. लपायला गुळगुळीत कडांची नळी पुरते.