कव्हरेजचा अहवाल शून्य का दाखवतो?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमची ऐरोलीतील छोटी कंपनी वाशीच्या बाजार समितीतील कांदा-बटाटा व्यापाऱ्यांसाठी हिशेबपट्टीचे सॉफ्टवेअर तयार करते. प्रकल्प जावामध्ये असून बिल्ड (कोड बांधून तपासण्याचे काम) मेव्हन या साधनावर चालतो आणि त्यात गणित, डेटाबेस व वेब अशी वेगवेगळी मॉड्यूल आहेत. टेस्टमधून नेमका किती कोड चालून जातो हे, म्हणजेच कव्हरेज, कळावे म्हणून आम्ही जॅकोको हे साधन जोडले. सगळ्या टेस्ट पास होतात, बिल्डही यशस्वी होतो. परंतु गणिताच्या मॉड्यूलमध्ये डेटा फाइल नसल्यामुळे जॅकोकोचे काम वगळल्याची ओळ लॉगमध्ये येते आणि अहवाल तयारच होत नाही. वेब मॉड्यूलचा अहवाल मिळतो, मात्र वेबच्या टेस्ट गणिताचा कोड सतत वापरत असूनही त्यात गणिताच्या एकाही क्लासचे नाव नसते. आमचे कोठे चुकते आहे?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपण दोन अडचणी एकत्र मांडल्या आहेत, परंतु त्यांची कारणे वेगळी आहेत आणि त्या एकेक करून सोडवणेच सोयीचे होईल.

जॅकोको स्वतः टेस्ट चालवत नाही. टेस्टसाठी जे जावा व्हर्च्युअल मशीन सुरू होते त्याला ते एक एजंट जोडते. हा एजंट प्रत्येक क्लास मेमरीत येताना त्याच्या बाइटकोडमध्ये बारीक खुणा पेरतो, कोणत्या खुणेवरून अंमलबजावणी गेली याची नोंद ठेवतो आणि मशीन बंद होताना ती सगळी नोंद टार्गेट फोल्डरातील जॅकोको.एक्झेक या फाइलमध्ये लिहितो. अहवाल त्यानंतर, त्या फाइलवरून बनतो. त्यामुळे फाइल नाही याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की एजंट त्या मशीनपर्यंत पोहोचलाच नाही.

तो का पोहोचला नाही, याचे सर्वांत नेहमीचे कारण गणिताच्या मॉड्यूलच्या पॉम फाइलमध्ये, म्हणजे मेव्हनच्या सूचनांच्या फाइलमध्ये, शोधावे. जॅकोकोचे प्रिपेअर-एजंट हे गोल (मेव्हनमधील एक ठरावीक काम) आर्गलाइन नावाच्या प्रॉपर्टीत एजंटचा पत्ता लिहून ठेवते आणि टेस्ट चालवणारे शुअरफायर प्लगइन ती प्रॉपर्टी वाचून नवे मशीन सुरू करते. आता कोणी, बहुधा मेमरी वाढवण्यासाठी, शुअरफायरच्या कॉन्फिगरेशनमध्येच आर्गलाइन हा टॅग लिहून त्यात फक्त मेमरीची मर्यादा दिली असेल, तर शुअरफायर तोच मजकूर प्रमाण मानते आणि जॅकोकोने ठेवलेल्या पत्त्याकडे पाहतही नाही. यातील फसवा भाग असा की आर्गलाइनमध्ये एजंटचा पत्ता लिहिल्याची जॅकोकोची ओळ लॉगमध्ये व्यवस्थित दिसते, त्यामुळे सगळे जागेवर आहे असे वाटते आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

उपाय सोपा आहे. त्या टॅगमध्ये मेमरीच्या मर्यादेच्या आधी अ‍ॅट चिन्ह आणि त्याला लागून महिरपी कंसात आर्गलाइन हे नाव लिहावे. येथे डॉलर चिन्ह वापरू नये, कारण डॉलरने लिहिलेली किंमत मेव्हन पॉम वाचतानाच भरून टाकते आणि तोपर्यंत जॅकोकोचे काम सुरूही झालेले नसते; अ‍ॅट चिन्हाने लिहिलेली किंमत शुअरफायर प्रत्यक्ष टेस्ट चालवण्याच्या वेळी भरते. ही सोय शुअरफायरच्या २.१७ आवृत्तीपासून उपलब्ध आहे. याच्या जोडीला पॉमच्या प्रॉपर्टीजमध्ये आर्गलाइन नावाची रिकामी प्रॉपर्टीही लिहून ठेवावी. ती नसेल आणि एखाद्याने आपल्या संगणकावर जॅकोको बंद ठेवून बिल्ड चालवला, तर ते अ‍ॅट चिन्ह व कंस जसेच्या तसे जावाला दिले जातात, जावाला त्याचा अर्थ लागत नाही आणि टेस्ट सुरूच होत नाहीत.

एवढे करूनही फाइल तयार झाली नाही, तर शुअरफायरचा फोर्ककाउंट (टेस्टसाठी किती नवी मशीन सुरू करायची तो आकडा) शून्य ठेवला आहे का ते पाहावे. तसे असल्यास टेस्ट मेव्हनच्याच मशीनमध्ये चालतात, नवे मशीन सुरूच होत नाही, मग एजंट जोडणार तरी कोणाला? तसेच टेस्टची प्रक्रिया मध्येच सक्तीने मारली जात असेल तर नोंद फाइलमध्ये उतरण्याआधीच नाहीशी होते. अहवालाचे गोल काही न सांगता व्हेरिफाय या, टेस्टनंतर येणाऱ्या टप्प्याला बांधलेले असते, हेही ध्यानात ठेवावे. नुसती टेस्टपर्यंतची आज्ञा देऊन अहवालाची वाट पाहिली तर तो येणार नाही.

आता दुसरी अडचण. वेब मॉड्यूलच्या अहवालात गणिताचे क्लास नसणे हा बिघाड नाही. जॅकोकोचे साधे रिपोर्ट गोल केवळ त्याच मॉड्यूलचे क्लास अहवालात घेते. वेबच्या टेस्टनी गणिताचा कोड चालवल्याची नोंद वेबच्या डेटा फाइलमध्ये असते, पण ती वाचताना समोर गणिताचे क्लास नसतात. आवृत्ती ०.७.७ पासून यासाठी रिपोर्ट-अ‍ॅग्रिगेट हे वेगळे गोल मिळते. त्याच प्रकल्पात केवळ अहवालासाठी एक नवे मॉड्यूल करावे, इतर सर्व मॉड्यूल त्याच्या डिपेंडन्सी (ज्यांवर ते अवलंबून आहे असे भाग) म्हणून लिहावीत आणि हे गोल व्हेरिफाय टप्प्याला आपल्या हाताने बांधावे, कारण ते आपोआप बांधले जात नाही. कंपाइल स्कोपच्या डिपेंडन्सीचे क्लास आणि नोंदी दोन्ही अहवालात येतात, टेस्ट स्कोपच्या डिपेंडन्सीच्या मात्र फक्त नोंदी येतात. ही बारीक गोष्ट सुटली की काही मॉड्यूल अहवालातून गायब का झाली हे लवकर उमगत नाही. एकत्रित अहवाल जॅकोको-अ‍ॅग्रिगेट नावाच्या फोल्डरात मिळेल. पुढे तो सोनारक्यूब या कोडची गुणवत्ता तपासणाऱ्या साधनाला पुरवायचा असल्यास एक्झेक फाइल देऊन चालत नाही, अहवालाची एक्सएमएल प्रत द्यावी लागते.

आपण लॉम्बॉक हे ठरावीक कोड आपोआप लिहून देणारे साधन वापरत असाल तर आणखी एक सूचना. लॉम्बॉकने निर्माण केलेले गेटर-सेटर (किंमत वाचणाऱ्या व बदलणाऱ्या छोट्या मेथड) कोणी टेस्ट करत नाही आणि ते मोजले गेल्यास आकडा निष्कारण खाली येतो. लॉम्बॉकच्या कॉन्फिग फाइलमध्ये जनरेटेड हे अ‍ॅनोटेशन जोडण्याचा पर्याय सुरू केला की जॅकोको ०.८.० आणि त्यापुढील आवृत्त्या तो कोड स्वतःहून वगळतात. जावा २१ वर असाल तर मात्र जॅकोको किमान ०.८.११ असू द्यावे. जुन्या आवृत्तीला नव्या जावाच्या क्लास फाइल वाचता येत नाहीत.

प्रश्न : मी वागळे इस्टेट येथील एका कंपनीत टीम लीडर आहे. कव्हरेज ८० टक्क्यांखाली गेल्यास बिल्ड अडवावा असा आदेश वरून आला आहे. सध्या आम्ही त्याच्या जवळपासही नाही. आकडा गाठण्यासाठी काही सहकारी निकाल न तपासता नुसती मेथड बोलावणाऱ्या टेस्ट लिहू लागले आहेत. आम्ही काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बिल्ड अडवण्याची तांत्रिक सोय जॅकोकोच्या चेक या गोलमध्ये आहे. त्यात नियम लिहून किमान प्रमाण दिले की त्याखालील बिल्ड थांबतो. तरीही आपल्या प्रकल्पावर ८० हा आकडा एका दिवसात लादण्याच्या मी स्पष्ट विरोधात आहे, आणि आपल्या सहकाऱ्यांनी काढलेली पळवाट हेच त्याचे कारण आहे.

कव्हरेज केवळ एवढेच सांगते की टेस्ट चालू असताना ही ओळ चालली. ती ओळ बरोबर चालली की चूक, हे तपासणे टेस्टमधील असर्टचे काम आहे. असर्ट नसलेली टेस्ट अहवालात ओळी हिरव्या करते आणि त्या हिरव्या रंगाखाली चूक सुरक्षित राहते, म्हणून टेस्ट मुळीच नसण्यापेक्षाही मला ती अधिक घातक वाटते. लाल ओळीकडे निदान कोणाचे तरी लक्ष जाते.

असर्ट असलेली टेस्टही पुरेशी असेलच असे नाही. या अंकातील पहिल्या प्रश्नातील हिशेबपट्टीचेच उदाहरण घेऊ. समजा, निव्वळ वजन सुरुवातीला शून्य ठेवले आहे. पुढच्या ओळीत बारदान वजा करायचे आहे का अशी अट आहे आणि अट खरी असल्यास एकूण वजनातून बारदान वजा करून निव्वळ वजन काढले आहे. टेस्टमध्ये एकूण वजन ५२० किलो, बारदान १० किलो दिले, उत्तर ५१० आले, असर्ट पास झाला. ओळींचे कव्हरेज १०० टक्के! परंतु ज्या मालाचे बारदान वजा करायचे नाही त्याचे निव्वळ वजन या कोडमध्ये शून्यच राहते आणि शेतकऱ्याच्या हातात शून्य रुपयांची पट्टी पडते. जॅकोकोच्या अहवालात ही अटीची ओळ हिरवी नसून पिवळी दिसते, तिच्या बाजूला एक चौकट येते आणि माउस तेथे नेल्यास दोनपैकी एक शाखा (अट खरी किंवा खोटी ठरल्यावरची वाट) चाललीच नसल्याचे कळते. म्हणून मर्यादा ठेवायचीच असेल तर ती ओळींवर न ठेवता शाखांवर ठेवावी, अर्थात चेकच्या नियमात लाइनऐवजी ब्रँच हा काउंटर लिहावा.

व्यवस्थापनापुढे आपण असा प्रस्ताव ठेवू शकता. आज जेवढे शाखा-कव्हरेज आहे तीच किमान मर्यादा म्हणून लिहावी, ते वाढेल तशी मर्यादा वाढवत न्यावी आणि ती कधीही खाली आणू नये. ८० टक्क्यांची अट केवळ नव्या व बदललेल्या कोडला लावावी. सोनारक्यूबचा मूळ क्वालिटी गेटही (कोड पास-नापास ठरवणाऱ्या अटींचा संचही) नव्या कोडसाठीच ८० टक्के मागतो, त्यामुळे वरिष्ठांचा आदेशही पाळला जाईल. ज्या जुन्या कोडला वर्षानुवर्षे कोणी हात लावलेला नाही त्याच्यासाठी घाईने टेस्ट लिहिण्यापेक्षा, जेथे पैसे, कर किंवा व्याज मोजले जाते ते क्लास आधी निवडावेत आणि त्यांच्यासाठी चेकमध्ये वेगळा, अधिक कडक नियम लिहावा. असे क्लासनिहाय किंवा पॅकेजनिहाय नियम देता येतात.

निकाल न तपासणाऱ्या टेस्ट ओळखण्यासाठी जावामध्ये पीआयटी हे म्युटेशन टेस्टिंगचे साधन आहे. ते आपल्या कोडमध्ये मुद्दाम लहान बदल करते, म्हणजे 'पेक्षा मोठे'च्या जागी 'मोठे किंवा समान' किंवा बेरजेच्या जागी वजाबाकी, आणि त्यानंतर एखादी तरी टेस्ट नापास होते का ते पाहते. एकही नापास झाली नाही तर त्या ओळीची राखण कोणीच करत नाही हे उघड होते. याला वेळ बराच लागतो, त्यामुळे प्रत्येक बिल्डमध्ये न घालता ते रात्री आणि निवडक पॅकेजवर चालवावे. तो अहवाल सहकाऱ्यांना सोबत बसवून दाखवावा, असे मी आग्रहाने सुचवेन. अशा टेस्ट लिहिणाऱ्यांवर रागावून काही साधणार नाही, कारण त्यांच्याकडे मागितला गेला तो आकडाच त्यांनी दिला आहे.

प्रश्न : महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी आम्ही पायथन आणि त्यातील कव्हरेज मोजणारे कव्हरेज.पाय हे साधन वापरतो. अर्ध्या फाइलसाठी आम्ही टेस्टच लिहिलेल्या नाहीत, तरी अहवाल ९० टक्क्यांच्या वर दाखवतो. असे कसे?
— एक विद्यार्थिनी, नेरूळ

उत्तर : सोर्सचा पर्याय दिलेला नसेल तर कव्हरेज.पाय फक्त टेस्टच्या वेळी चाललेल्या फाइलच मोजते. ज्या फाइल कोणी इम्पोर्टच केल्या नाहीत त्या अहवालात शून्य म्हणूनही येत नाहीत, आणि उरलेल्या फाइलची टक्केवारी साहजिकच चांगली दिसते. आज्ञेत किंवा कॉन्फिग फाइलमध्ये सोर्स म्हणून आपल्या पॅकेजचे नाव द्यावे, म्हणजे न चाललेल्या फाइलही शून्य टक्क्यांसह यादीत येतील. त्याच वेळी ब्रँचचा पर्यायही सुरू करावा, कारण तो मूळात बंद असतो. टेस्टच्या फोल्डरातील फाइल मोजल्या जात असतील तर त्या ओमिटमध्ये, म्हणजे वगळण्याच्या यादीत, टाकाव्यात. टेस्टचा कोड जवळजवळ पूर्ण चालतोच आणि त्यानेही आकडा फुगतो. हे तिन्ही बदल केल्यावर आपला आकडा बराच खाली येईल. प्रकल्पाच्या अहवालात तोच छापावा आणि परीक्षकांनी विचारल्यास आधीचा आकडा जास्त का होता हेही सांगावे.