झाकणं लावत बसतो, तेच तर लक्ष!

प्रश्न : ताई, मी इंदिरानगरला राहते. मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. चित्रांचं पुस्तक घेऊन बसलं की दोन पानांत उठून पळतो. प्लेग्रुपच्या बाई म्हणाल्या, 'याचं कशात लक्षच नाही.' शेजारची त्याच्याच वयाची मुलगी छान रंगवत बसते. हा मात्र ओट्याखालचे डबे काढून झाकणं लावत-काढत बसतो, सगळा पसारा! जेवताना मोबाईल दिला तरच चार घास पोटात जातात. सासूबाई म्हणतात, दृष्ट काढ. याला काही आजार तर नसेल?

उत्तर : तुझं डब्यांचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू ते तक्रार म्हणून लिहिलंस, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. कुठलं झाकण कुठल्या डब्याला बसतं, हे तो शोधतोय. चुकतो, फिरवतो, पुन्हा लावतो. यालाच लक्ष म्हणतात गं. फक्त ते त्याने निवडलेल्या गोष्टीवर आहे, आपण पुढे ठेवलेल्या पुस्तकावर नाही.

नको ते सोडून सांगितलेलं धरून ठेवायचं, हे काम मेंदूचा कपाळामागचा भाग करतो आणि तो विशी ओलांडेपर्यंत घडत असतो. वयाच्या दर वर्षामागे दोन-तीन मिनिटं, असा एक ढोबळ हिशेब सांगतात. म्हणजे तुझ्या लेकाची पाचेक मिनिटं झाली. भूक किंवा झोप आली असेल तर तेवढीही नाहीत. शेजारच्या मुलीशी तुलना मात्र आजपासून बंद कर.

आता घराकडे बघ. कुणी बघत नसलं तरी टीव्ही चालू असतो का? २००८ मध्ये अमेरिकेत एक ते तीन वर्षांच्या मुलांवर अभ्यास झाला होता. मागे मोठ्यांचा कार्यक्रम चालू असला की मुलं टीव्हीकडे फारशी बघत नव्हती, तरी त्यांचा खेळ लवकर तुटत होता. २०१८ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात सोळाऐवजी चारच खेळणी दिल्यावर मुलं एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली. म्हणून बाकीची खेळणी माळ्यावर टाक आणि आठवड्याने बदल. तो रमलेला असताना 'हा रंग कोणता, सांग बरं' असं विचारून मध्ये शिरू नकोस. शेजारी बस, तो बघतोय तेच तूही बघ. आई त्याच गोष्टीत रमली की मूलही तिथे जास्त टिकतं.

मोबाईलबद्दल मी स्पष्टच सांगते, जेवणातून तो काढच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगितली आहे, आणि कमी असेल तितकं बरं. पहिले काही दिवस रडारड होईल, दोन घास कमी जातील. सगळ्यांबरोबर खाली बसव, वरणभात त्याच्या हाताने कालवू दे, सांडू दे. सासूबाईंना चिऊकाऊचे घास भरवायला सांग, त्यांच्याइतकं ते कुणाला जमणार? (द्राक्षांचे दिवस आले की द्राक्षं उभी चिरूनच दे. अख्खं द्राक्ष या वयात घशात अडकतं.)

आजाराचं म्हणशील, तर एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा या विकाराचं, निदान चार वर्षांच्या आत सहसा करत नाहीत. मी वेगळ्याच गोष्टी बघायला सांगेन. हाक मारल्यावर वळतो का? हवं ते बोटाने दाखवतो का? 'दूध दे' असे दोन शब्द जोडतो का? येत असलेले शब्द बोलायचा थांबला आहे का? पहिल्या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर 'नाही' असेल, किंवा शेवटच्याचं 'हो', तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि कानांचीही तपासणी करून घे. कमी ऐकू येणारं मूलही लक्ष नसल्यासारखंच वाटतं.

प्लेग्रुपच्या बाईंना विचार, 'तो कशात रमतो?' त्यांना सांगता आलं नाही, तर तासभर तिथे बसून तूच बघ. आणि डब्यांचा तो खालचा कप्पा त्यालाच देऊन टाक. काचेचं तेवढं वर ठेव.