जांघेच्या हर्नियाचं ऑपरेशन केल्यावर मूल होण्यात अडचण येते का?

तुम्ही लिहिलंय, वय 29, उजव्या जांघेत हर्निया, म्हणजे पोटातला भाग कमकुवत जागेतून बाहेर येतो. डॉक्टर ऑपरेशन करून त्या जागेला आधाराची जाळी बसवू म्हणतात, आई म्हणते आधी लग्न आणि पोरंबाळं होऊ देत. चार वर्षांपूर्वी माझीही हीच गत होती, फक्त लग्न झालेलं होतं. इंदूरच्या क्लॉथ मार्केटमध्ये आमचं दुकान आहे. कापडाच्या गाठी उचलताना जांघेत लिंबाएवढा फुगवटा यायचा, आडवा झालो की आत जायचा.

मी डॉक्टर नाही. पण माझ्या सर्जनने प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्र काढून समजावलं होतं. शुक्रजंतू नेणारी नळी आणि अंडकोषाच्या रक्तवाहिन्या दोरीसारख्या एकत्र जांघेतल्या बोगद्यातून जातात, आणि हर्नियाही तिथूनच डोकावतो. म्हणजे त्या दोरीला जपतच सगळं काम. नळीला इजा होणं किंवा रक्त न मिळून अंडकोष आक्रसणं, हे घडतं, पण क्वचित. एका बाजूला घडलंच तरी दुसरा अंडकोष बहुधा भागवून नेतो. जाळीने वंध्यत्व येतं म्हणतात, तेही अभ्यासांत दिसलेलं नाही.

हर्निया दोन्हीकडे असेल, लहानपणी तिथेच ऑपरेशन झालं असेल किंवा एकच अंडकोष चांगला असेल, तर मात्र आधी वीर्यतपासणी करून घ्या. त्याआधी 2 ते 7 दिवस संयम लागतो, म्हणजे वीर्यस्खलन टाळायचं. ऑपरेशननंतर पुन्हा करायची तर तीन महिने थांबा, कारण शुक्रजंतू तयार व्हायलाच अडीचएक महिने लागतात. लॅबमध्ये माझं नाव हॉलभर ऐकू जाईल असं पुकारलं होतं, त्याची तयारी ठेवा!

आणि एक गोष्ट मला ऑपरेशनच्या संमतीची सही घेताना कोणीच सांगितली नव्हती. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी अंडकोषांची पिशवी वांग्यासारखी जांभळी झाली. वाटलं, झालं, संपलं सगळं. सर्जन म्हणाले, वरचं रक्त खाली उतरलंय, सपोर्टर (पिशवीला आधार देणारी घट्ट चड्डी) घाला. दोन आठवड्यांत रंग गेला. पण अंडकोषच कडक होऊन खूप दुखायला लागला तर त्याच दिवशी दाखवा.

आईंना सांगा, त्रास नसलेला हर्निया डॉक्टरांच्या नजरेखाली थोडा थांबू शकतो. पण तो आत जाईनासा झाला, दुखू लागला, उलट्या झाल्या, तर आतडं अडकलेलं असू शकतं. तेव्हा रात्रीसुद्धा इमर्जन्सी गाठायची. दोरी आवळली गेली तर अंडकोषालाही धोका, म्हणजे आई ज्याला भितात तेच.

आम्हाला दीड वर्षाने मुलगी झाली. गाठी आता हम्माल उचलतो.