दुधाच्या हिशेबाखाली एक टिंब

प्रश्न : माझं वय ४६. कोपरीत राहते, फोर्टला एका कंपनीत अकाउंट्सचं काम करते. तीस वर्षं पाळीची तारीख कधी चुकली नाही. गेलं वर्षभर मात्र कधी विसाव्या दिवशी येते, कधी दोन महिने पत्ताच नसतो, आणि आली की नऊ-दहा दिवस हटत नाही. पहिले तीन दिवस गाठी पडतात. मागच्या महिन्यात गाडीने मुलुंड ओलांडलं नाही तोच कपडे खराब झाले. सीएसएमटीपर्यंत ओढणी कमरेला गुंडाळून उभी राहिले. रात्री कानशिलं तापतात, घाम फुटतो. पंखा वाढवला की मिस्टर कुडकुडतात. गौरींसाठी मेडिकलमधून पाळी लांबवायची गोळी आणली होती, ती थांबवल्यावर तर विचारूच नका. सासूबाई म्हणतात, "वयाचं आहे, सोसायचं." एका डॉक्टरांनी सोनोग्राफीही न करता सांगितलं, "मुलं झालीत ना? पिशवी काढून टाका." हिमोग्लोबिन ९.२ आलंय. काय करू?
— एक वाचक, ठाणे पूर्व

उत्तर : तुमच्या सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. वयाचं आहेच. पण 'सोसायचं' हे पुढचं निम्मं मला मान्य नाही.

आपल्याकडे बायकांची पाळी साधारण ४६-४७च्या आसपास जाते, आणि तिची जायची तयारी त्याआधी काही वर्षं चालू असते. या काळात बीजकोशातून दर महिन्याला बीज सुटत नाही. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, आणि दुसरं हार्मोन, इस्ट्रोजेन, एकटंच पिशवीच्या आतलं अस्तर वाढवत बसतं. जुन्या भिंतीवर न खरवडता रंगाचे थर देत गेलं की एक दिवस मोठाले पोपडे सुटतात, तसं ते अस्तर मग वेडंवाकडं, ढिगाने पडतं. दोन महिने काही नाही आणि नंतर दहा दिवस धो धो, ते यामुळे.

म्हणजे पाळी मागेपुढे होणं या वयात चालायचंच. इतकं अंगावरून जाणं मात्र चालायचं नाही. ९.२ हिमोग्लोबिन घेऊन तुम्ही रोज ठाणे स्टेशनचा जिना चढताय. धाप लागली की वजनाला दोष देत असाल, खरं ना?

आधी एक सोपं काम. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब मांडता, त्याच चौकोनात खाली एक टिंब द्या. जास्त गेलं तर दोन, गाठी पडल्या तर तीन. तीन महिन्यांचं असं पान समोर आलं की डॉक्टरांचे निम्मे प्रश्न संपतात. मी चाळीस वर्षं प्रॅक्टिस केली, "शेवटची पाळी कधी?" या प्रश्नावर "चतुर्थीच्या आधी, नाही, नंतर" हेच उत्तर जास्त ऐकलं.

मग तपासण्या. रक्ताची, त्यात लोहाचा साठाही बघायचा, थायरॉइड, साखर, पोटाची सोनोग्राफी. पंचेचाळिशी उलटल्यावर असा रक्तस्राव असेल तर अस्तराचा नमुनाही तपासतात. बारीक नळीने ओपीडीतच घेता येतो, पाळीसारखी कळ येते, तेवढंच. पाळी दोन महिने चुकली की गर्भाची चाचणीसुद्धा करा. हसू नका, या वयात दिवस गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. सलग १२ महिने पाळी आली नाही तरच ती गेली म्हणायची, आणि पन्नाशीच्या आत गेली तर त्यानंतरही दोन वर्षं दिवस राहू नयेत याची काळजी घ्यायची. वर्षभरानंतर नुसता डाग दिसला तरी दाखवायचं.

तासाला एक पॅड भिजतंय आणि दोन तास तसंच चाललंय, किंवा चक्कर येतेय, तर कॅलेंडर राहू दे. त्याच दिवशी दवाखाना.

पिशवी काढण्याबद्दल. पिशवीत मोठ्या गाठी वाढल्या असतील, तपासणीत काही वाईट निघालं, बाकीचे उपाय हरले, तर काढावी. मी स्वतः काढल्या आहेत. पण "मुलं झालीत" हे कारण नव्हे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गरज नसताना काढलेल्या पिशव्यांचा विषय २०१९ साली विधिमंडळात गाजला, तो उगीच नाही. सोबत बीजकोशही काढणार का, हे विचाराच. ते ४६व्या वर्षी गेले तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एका रात्रीत अंगावर येतात, हाडंही लवकर ठिसूळ होतात. पिशवी काढण्याआधी करण्यासारखं बरंच असतं. फक्त त्या चार-पाच दिवसांत घ्यायच्या रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत (पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल तर नाही). हार्मोनवाली तांबीही आहे. तिच्यात तांबं नसतं, पण बायका तिला तांबीच म्हणतात. पहिले काही महिने डाग लागत राहतात, मग पाळी अगदी थोडी होते, आणि ती पाच वर्षं तरी काम करते.

लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, सगळं फुकट जातं. दोन्हींत तासा-दोन तासांचं अंतर ठेवा, गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या.

ती लांबवायची गोळीही प्रोजेस्टेरॉनच्याच जातीची. थांबवली की दोन-तीन दिवसांत साठलेलं अस्तर सुटतं, म्हणून तुमचे तसे हाल झाले. डॉक्टरांना न विचारता ती पुन्हा घेऊ नका. गौरी माहेरवाशिणी आहेत. बाईच्या घरी येऊन त्यांना हे कळणार नाही होय?

घामाचं म्हणाल तर मला ते ४८व्या वर्षी ऑपरेशन थिएटरमध्ये सुरू झालं. एसी चालू आणि चष्म्यावरून थेंब ओघळतायत; सिस्टरला वाटलं मी आता पडते. रात्री सुती चादर, संध्याकाळनंतर चहा आणि तिखट कमी, आणि तुमच्या बाजूला एक टेबलफॅन. मिस्टरांना गोधडी द्या. झोपच उडाली असेल तर हार्मोनच्या गोळ्यांबद्दल विचारा. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर सगळ्यांनी त्यांची धास्ती घेतली होती. आता साठीच्या आतल्या निरोगी बाईला, तपासून, त्या देता येतात. तुमचा रक्तस्राव कशामुळे हे ठरल्यावर मात्र.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच. खर्चाची अडचण असेल तर कळव्याचं महापालिकेचं रुग्णालय तुम्हाला एका स्टेशनावर आहे. जाताना कॅलेंडरचं पान फाडून नेलंत तरी चालेल, दुधवाल्याचं नंतर बघू.