मीमला स्वभाव असतो का?

प्रश्न: पोरगा दिवसभर मोबाईलवरचे मीम दाखवत असतो. वर मला शिकवतो की मीम म्हणजे नुसता जोक नाही, विचारच व्हायरससारखे एका डोक्यातून दुसऱ्यात शिरतात आणि त्यांना गुणधर्म पण असतात. खरंय का हे?
– एक वाचक, सातारा

उत्तर: निम्मं तरी खरंय. मीम हा शब्द रिचर्ड डॉकिन्स या प्राणिशास्त्रज्ञाने १९७६ साली काढला, तेव्हा कुठला आलाय मोबाईल. त्याचं म्हणणं, जीन, म्हणजे आईबापाचे गुण पोरांत उतरवणारे जनुक, जसे पिढ्यान्‌पिढ्या उतरतात तशा चाली, फॅशन, समजुती डोक्यातून डोक्यात उतरतात, फक्त नक्कल नीट उतरली पाहिजे, भरपूर नकला निघाल्या पाहिजेत आणि ती गोष्ट टिकली पाहिजे.

देवाच्या नावाची ती पोस्टकार्डं आठवतात? १५ पैशाचं कार्ड, "११ जणांना पाठवा, अमक्याने पाठवली त्याला लॉटरी लागली, तमक्याने फाडलं त्याचं वाटोळं झालं". बाबा हसायचे आणि आई गुपचूप ११ कार्डं लिहायला बसायची, म्हणायची विषाची परीक्षा कशाला. म्हणजे बघा, विश्वास नसला तरी चालतंय, कार्डातच कॉपी काढायची ऑर्डर, लालूच आणि धमकी. हाच त्याचा गुणधर्म.

गणपती दूध प्यायला ते, २१ सप्टेंबर १९९५, वेगळं प्रकरण. फोनाफोनी होऊन दिल्लीची बातमी त्याच दिवशी लंडनच्या देवळात. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं की पृष्ठताणाने, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाला असलेल्या ताणाने, दूध चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ ओघळ खाली येतो. पण चमचा आणि मूर्ती घरोघरी, जो तो करून बघणार, म्हणून तर एवढं पसरलं, आणि एक-दोन दिवसात विझलं पण.

आता राहिलेलं निम्मं. डॅन स्पर्बर नावाचा फ्रेंच अभ्यासक म्हणतो की विचाराची झेरॉक्स निघतच नाही, ज्याचं त्याचं डोकं तो नव्याने जुळवतं. मला हेच जास्त पटतं, कारण जात्यावरच्या ओव्या. आजीची ओवी आईच्या तोंडी आली की गाव बदलायचं, भावाचं नाव बदलायचं, तरी ओवी तीच. मग गुणधर्म ओवीचा की जात्याचा? आईला नुसतं बसून म्हण म्हटलं तर दुसरी ओळ आठवत नाही, हात गोल फिरवायला लागली की येते.